मी करून घेतो

डॉक्टरांनी कागद त्या दोघांच्या बाजूला फिरवला आणि पेन्सिलीने दोन बारीक नळ्या काढल्या.

"ह्या तुमच्या," त्या तिला म्हणाल्या. मग शेजारी आणखी दोन काढल्या. "आणि ह्या यांच्या."

पहिलं चित्र क्रेनने चांगलं वाकून पाहिलं होतं. दुसरं निघालं तशी त्याची नजर खिडकीच्या कडीवर गेली, ती तिथेच अडकून राहिली.

तिच्या नवऱ्याला सगळे क्रेन म्हणत ते उगाच नव्हे. घरसामान हलवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. तिघेजण घाम पुसत कपाटाभोवती उभे असले की हा खांद्याला पट्टा अडकवायचा, एकदा खोल श्वास घ्यायचा, आणि कपाट जिन्याने असं वर जायचं, जणू त्याच्या मनातच होतं वर जायचं. पण सुई दिसली की ह्या क्रेनचा दोर तुटायचा. जुळ्यांना लस द्यायच्या वेळी त्याला दर खेपेला गाडी नीट लावली आहे की नाही ते बघून यायचं असायचं. कंपनीच्या तपासणीत एकदा रक्त काढताना तो सपशेल आडवा झाला आणि त्याला बाकावर ठेवायला चौघे लागले. ती गोष्ट गोदामात नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

"तांबीचं काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मोठी मुलगी झाल्यावर बसवली होती. रक्त थांबेना, काढावी लागली."

"आणि गोळ्या तुमच्या रक्तदाबाला चालायच्या नाहीत." डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "पुन्हा दिवस राहणं तुमच्या जिवाला परवडणारं नाही, हे तुम्हाला मागेच सांगितलेलं असणार."

सांगितलेलं होतं. जुळ्यांच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं होतं, की शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिने स्वतःचे हात ओळखले नव्हते. कोणाचे तरी मेणाचे हात पांघरुणावर आणून ठेवलेत असं तिला वाटलं होतं. आणि एवढं होऊन गेल्या महिन्यात तिची पाळी बरीच पुढे गेली. त्या दिवसांत दोघं एकमेकांशी भाजी, शाळा, पंख्याचा आवाज असल्या विषयांवर फार गोडीने बोलत. शेवटी पाळी आली तेव्हा ती न्हाणीघराचं दार उघडून बाहेर आली आणि नुसती मान हलवली. क्रेन धपकन जमिनीवर बसला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी इथली वेळ घेतली.

"माझंच करून टाका," ती म्हणाली. "आमच्यात सगळ्यांनी केलंय. आई, मावशी, मोठी जाऊ, सासूबाईसुद्धा."

"करता येईल. पण तुमचं पोट दोनदा उघडलेलं आहे. आत चिकटलेलं असू शकतं. शिवाय पूर्ण भूल. धोका फार आहे असं मी म्हणणार नाही, पण तो आहे. यांचं म्हणाल तर तेवढ्या जागेपुरती भूल, बारीकसा छेद, थोड्या वेळात बाहेर. त्याच दिवशी घरी. आठवडाभर जड उचलायचं नाही. तीन महिन्यांनी तपासणी करायची, आणि ती स्वच्छ आली असं मी सांगेपर्यंत आतासारखीच काळजी घ्यायची."

क्रेन कडीकडे बघत होता. मग तिनेच विचारलं, "ह्यांचं काम ओझ्याचं आहे. ताकदीला काही?"

"काही नाही. ताकद तशीच राहते. बाकी सगळंही तसंच राहतं." 'बाकी सगळंही' म्हणताना डॉक्टरांनी मुद्दाम क्रेनकडे पाहिलं. क्रेनचे कान लाल झाले.

"मात्र कोणाचंही करा, कायमचं समजून करा. पुढे वाटलं तर उघडून घेऊ असं मनात असेल तर आजच उठा आणि घरी जा. आणि एक विचारते, सगळ्यांनाच विचारते. उद्या काही बरंवाईट झालं, दोघांतलं एकच उरलं, तरी आणखी मूल नको असेल?"

तिने नकोच म्हटलं. आता डॉक्टर क्रेनच्या उत्तरासाठी थांबल्या.

"डॉक्टर, माझा एक हात मोठीने धरलेला असतो," तो म्हणाला. "दुसरा एका जुळ्याने. उरलेला जुळा पायाला लोंबकळतो. चौथ्याला धरायला जागा कुठे आहे?"

डॉक्टर हसल्या. तो हसला नाही.

"घाई नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरी बोला, मग या."

घरी कोणी काही बोललं नाही. तो गप्प आहे याचा अर्थ तिने तिच्यापुरता लावून टाकला आणि कामाला लागली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. रजा कधी मिळेल, जुळे कोणाकडे ठेवायचे, मोठीला शाळेतून कोण आणेल, याची जुळवाजुळव ती काच घासता घासता करत राहिली. राग नव्हता तिला. सुईला घाबरणाऱ्या माणसाशी लग्न करताना तिने ते बघूनच केलं होतं.

रविवारी ते सगळे सासूबाईंकडे जेवायला गेले. सासूबाई दोन गल्ल्यांपलीकडे एकट्या राहत. उभं आयुष्य शाळेच्या ऑफिसात टाइप करण्यात गेलेलं, त्यामुळे बोलणंही तसंच. खाडाखोड नाही आणि जास्तीचा शब्द नाही. मुलं आधी जेवून बाहेर खेळत होती. क्रेनने पाण्याचा पेला उचलला, अर्धा रिकामा केला आणि म्हणाला,

"मी करून घेतो."

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"ऑपरेशन. हिचं नको. मी करून घेतो." आणि त्याने उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तिला ठसका लागला. त्याने न बघता तिच्या पाठीवर हात फिरवला.

सासूबाईंचा वाढायचा हात भांड्यावरच राहिला. "तुला काय गरज पडली?"

"डॉक्टर म्हणाल्या, माझं सोपं आहे."

"ओझी उचलणारा माणूस तू. पुढे कंबर धरली, अशक्तपणा आला, तर चार तोंडं कोण भरणार?"

"ताकदीला काही होत नाही. विचारलंय आम्ही."

"डॉक्टर म्हणणारच. ही बायकांनी करायची गोष्ट आहे. मी नाही केली?"

"केलीस ना. म्हणूनच म्हणतो, आपल्या घरातल्या बायकांचं पुष्कळ झालं."

सासूबाई उठल्या आणि ताटं गोळा करू लागल्या. अजून कोणाचं जेवण पुरतं झालं नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, गरजेपेक्षा बराच मोठा.

परतताना जुळे बापाच्या दोन खांद्यांवर झोपले होते आणि मोठी पुढे उड्या मारत चालली होती. मागून ती नवऱ्याला म्हणाली,

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय! तू नको म्हणालीस की मी लगेच ऐकलं असतं."

तिला हसू आलं. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून तर आईसमोर बोललो. आता पळून जायला तोंड उरलं नाही." एका खांद्यावरचं पोर घसरत होतं, ते त्याने वर सरकवलं. "ह्या दोघांच्या वेळी मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून माणसं पळत येत होती, पळत जात होती. एवढे हे दंड, आणि उचलण्यासारखं काही सापडेना. ह्या वेळी सापडलंय."

त्याच्या मागच्या खिशात तिने दोन बोटं अडकवली आणि घर येईपर्यंत तशीच चालत राहिली.

मंगळवारी दुपारी सासूबाई दुकानात आल्या. चष्म्याची काडी सैल झाली आहे, म्हणाल्या. तिने काडी हलवून पाहिली. अशी काही सैल नव्हती. तरी तिने बारीक पेचकस घेतला आणि खाली मान घालून स्क्रू पिळू लागली. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"तूच करून घे ना," सासूबाई म्हणाल्या.

पेचकस थांबला.

"तू समजूतदार आहेस. त्याला सांग, माझं मीच करते म्हणावं. तू म्हणालीस तर तो ऐकेल."

तिला पहिल्यांदा वाटलं, बरं म्हणावं आणि सुटावं. सासूबाईंनी जुळ्यांच्या वेळी महिनाभर तिचं सगळं केलं होतं. तिला न्हाऊ घातलं होतं, केस विंचरले होते. ह्या बाईने आजवर काही मागितलं नव्हतं. पण तिने पेचकस खाली ठेवला.

"आई, मी तयारच होते," ती म्हणाली. "अजूनही आहे. पण तो आपणहून म्हणाला. त्याचं मन मला मोडवत नाही. आणि खरं सांगू का? माझंही मोडवत नाही."

"म्हणजे?"

"माझ्यासाठी एवढं कोणी उचलेल असं मला वाटलंच नव्हतं. आता उचललंय, तर खाली ठेव कशी म्हणू?"

तिने चष्मा पुसून पुढे केला. सासूबाईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे बराच वेळ पाहिलं. नजर आत्ताच सुधारल्यासारखं. मग "येते" सुद्धा न म्हणता त्या दुकानाबाहेर पडल्या.

गोदामात मात्र क्रेनने काही लपवलं नाही. आठवडाभर हलकं काम हवं असल्याचं त्याने मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितलं आणि कशासाठी तेही सांगितलं. ती संध्याकाळी त्याला घ्यायला गेली तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर तिला बघून आधी लाजला, आणि मग राहवलं नाही म्हणून सांगू लागला.

"वहिनी, आम्ही म्हटलं, क्रेनचा हुक जाणार म्हणे! सगळं गोदाम हसलं. तर हा काय म्हणाला असेल?"

"काय?"

"म्हणाला, हुक जागच्या जागी राहतो. फक्त गाडीत माल चढत नाही."

तिने तोंडावर पदर धरल्यासारखा रुमाल धरला. ड्रायव्हर हसता हसता जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आम्हालाही तिसरं झालंय, वहिनी. त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का? माझ्यासाठी नाही, असाच. एका मित्राला हवाय."

ऑपरेशनच्या सकाळी क्रेनने अंगात नवा शर्ट चढवला, उतरवला, जुना घातला. मुलांना सांभाळायला शेजारीण आली होती, कारण सासूबाईंनी त्या रविवारपासून फोन उचलला नव्हता. दवाखान्यात त्याला हिरवा झगा दिला तो त्याच्या गुडघ्यांच्या पुष्कळ वर संपत होता. नर्सने नाव पुकारलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"गाडी नीट लावली आहे ना?" त्याने विचारलं.

"लावली आहे."

"नाही, विचारलं आपलं." त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. पण तो वळला, आणि त्या आखूड झग्यात, ताठ मानेने, स्वतःच्या पायांनी आत गेला. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो तिला इतका देखणा दिसला नव्हता.

दार बंद झाल्यावर ती बाकावर बसली. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी टेकलं. सासूबाई होत्या. हातात पिशवी, पिशवीत थर्मास.

"गेला आत?"

"आत्ताच."

"चालत गेला?"

"हो."

सासूबाईंनी मान हलवली. थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. समोरच्या भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "मी तुला दुकानात येऊन भलतंच बोलले."

"जाऊ दे आई."

"जाऊ दे कसं? ऐक." त्या थांबल्या. शब्द जुळवत होत्या असं नाही. शब्द जुळलेलेच होते, फार वर्षं. "चौघांनंतर माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. चूल पेटवली की भिंत धरून उभी राहायची. डॉक्टर म्हणाले, आता बस. ह्यांना म्हणाले, तुम्ही करून घ्या, बाईच्या अंगात ऑपरेशन सोसायची ताकद नाही. हे हो म्हणाले. तुझे सासरे वाईट नव्हते हो. माझ्यावर कधी आवाज चढवला नाही."

"मला माहीत आहे."

"तारीख ठरली. इस्त्रीचा शर्ट घालून घरातून निघाले. मी पोरांना घेऊन वाट बघत बसले. संध्याकाळी आले ते चारही पोरांना बूट घेऊन. नवे. म्हटलं, झालं? तर म्हणाले, बघू पुढच्या महिन्यात. दिवसभर आगगाडीच्या स्टेशनावर बसले होते, ते मला मागाहून कळलं. पुढच्या महिन्यातही बघू. त्याच्या पुढच्याही. मी काय करणार? बायकोने किती वेळा विचारायचं?"

आत कुठेतरी धातूचं भांडं वाजलं. दोघींनी दाराकडे पाहिलं. दार उघडलं नाही.

"त्या 'बघू'मधून हा आला," सासूबाई म्हणाल्या.

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"शेंडेफळ म्हणतात सगळे. कळलं त्या दिवशी मी मोरीत बसून रडले होते. नको म्हटलं होतं देवाला. मग हा झाला, एवढा थोरला, आणि मला बघून हसला. कशी नको म्हणू? झाल्यावर महिन्याभरात मी माझं माझं उरकून घेतलं, अंगात नसलेल्या ताकदीने. त्यानंतर ह्यांनी मला पाण्याची बादली कधी उचलू दिली नाही. मरेपर्यंत. पण ते वेगळं."

त्यांनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकाने पुसला, मग नुसताच हातात धरून ठेवला.

"इतकी वर्षं मी त्या माणसाच्या भीतीचे उपकार मानत आले, कारण तिने मला हा दिला. आणि त्याच तोंडाने तिला शिव्याही घातल्या. दोन्ही मनातल्या मनात. आणि परवा हा जेवताना म्हणाला. पाणी पिता पिता. मी करून घेतो. अगं, तीन शब्द! तेवढेच तर होते. एवढं सोपं असतं म्हणणं? मला असा राग आला! त्याचा नव्हता गं तो राग."

तिने सासूबाईंच्या मांडीवरचा हात हातात घेतला. टाइप करून करून बोटांची टोकं चपटी झालेली होती. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"सोपं नव्हतं त्याला," ती म्हणाली. "आत जाताना पांढराफटक पडला होता."

"हो ना? लहानपणी काटा काढायचा तर तीन दिवस लपून बसायचा." सासूबाईंचा आवाज चिरकला आणि लगेच सावरला. "भीती अगदी बापाची घेतलीय. पण गेला बघ आत."

थोड्या वेळाने दार उघडलं. आपले कपडे घालून क्रेन दाराची चौकट धरून उभा होता, पाय जरा फाकवून, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर नदी पोहून आलेल्या माणसासारखं हसू. "शुद्ध नाही हरपली," त्याने आधी तेच सांगितलं. "डोळे मिटून घेतले होते, पण शुद्ध नाही हरपली." मग त्याला आई दिसली. हसू विरलं.

"आई? तू इथे?"

"चहा आणलाय," सासूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि त्याच्याजवळ गेल्या. त्यांचं डोकं त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं. त्यांनी त्याचा एक हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "टाक भार."

"अगं, तुला झेपणार नाही."

"टाक म्हटलं ना."

त्याने हात ठेवला, भार टाकल्यासारखं केलं. ती दुसऱ्या बाजूने आली. तिघं जिन्याची एकेक पायरी उतरू लागली, मध्ये तो, दोन्हीकडे दोघी. अर्ध्यावर तो दम घ्यायला थांबला आणि जरा भीत भीतच म्हणाला,

"आई, अजून रागावली आहेस का?"

"नाही."

"बाबा असते तर रागावले असते. नाही का?"

सासूबाई पुढच्या पायरीकडे बघत होत्या. ती श्वास रोखून उभी राहिली.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "लाजले असते."

क्रेन मोठ्याने हसला आणि लगेच कळ येऊन कठडा धरला. "खरंच," तो म्हणाला, "असल्या गोष्टीचं नाव काढलेलं त्यांना आवडायचंच नाही."

"जपून," सासूबाई म्हणाल्या, "पायरी उंच आहे." आणि त्यांनी आपला खांदा त्याच्या हाताखाली आणखी थोडा सरकवला.